कापडावरचा एकोणीस

सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबली आणि वीज गेली, यात विशेष काही नव्हतं. लागोसमधल्या व्हिक्टोरिया आयलंडवरच्या त्या इमारतीत वीज इतक्यांदा जायची की लिफ्टमधली माणसं बोलणं न तोडता अंधारातच पुढे चालू ठेवत. तळघरातला जनरेटर खोकून सुरू होईपर्यंत वाक्य पुरं झालेलं असे. कंपनीचा जनसंपर्क बघणारा फोलारिनही बोलतच होता. साखर विभागातल्या एका मुलीला उद्या समारंभाला कुठल्या फाटकाने यायचं ते सांगत होता. मग त्याच्या हातातला फोन उजळला. हिशेब खात्यातल्या एन्केचीचा निरोप होता: ‘यादी आली. आपण चव्वेचाळीस.’ त्याचं वाक्य मात्र पुरं झालं नाही. फोनचा उजेड मुलीच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीवर पडला. पिशवीत शिंप्याकडून नुकतंच आलेलं कापड होतं, निळ्या जमिनीचं, आणि त्या कापडावरून, एका गोलातून, चेअरमन त्याच्याकडे बघत होते. गोलाखाली पिवळ्या रंगात मोठा आकडा होता. एकोणीस. “कुठल्या फाटकाने, सर?” मुलीने विचारलं. लिफ्ट हलली, दिवे लागले. त्याला कुठलंच फाटक आठवेना. पाठीच्या कण्यावरून काहीतरी बारीक, थंड, पायांचं चालत खाली गेलं, आणि एअरकंडिशनर अजून सुरू झालेला नव्हता.

दरवर्षी जूनमध्ये जोहान्सबर्गचं एक मासिक आफ्रिकेतल्या सगळ्यांत मोठ्या कंपन्यांची यादी छापतं. कोणाची उलाढाल किती, डॉलरमध्ये, वरून खाली. सर्वांत वर अल्जीरियाची सरकारी तेल कंपनी, वर्षानुवर्षं, हलत नाही, हलायची गरज नाही. तिच्याखाली दक्षिण आफ्रिकेच्या खाणी, दुकानं, फोन. त्याच्याही खाली, बरंच खाली, इलेरी समूह, लागोस: साखर, पीठ, नूडल्स आणि थोडं सिमेंट. गेल्या वर्षी चोविसावे होते. उद्या शनिवारी समूहाचे संस्थापक आणि चेअरमन चीफ सोफोलुवे सत्तर वर्षांचे होत होते, आणि दीड हजार माणसं एकाच कापडाचे कपडे घालून त्यांच्या इकोयीतल्या बंगल्यावर जमणार होती. त्या कापडावर आपण एकोणीस आहोत असं छापलेलं होतं. ते फोलारिनच्या सांगण्यावरून छापलेलं होतं. लागोसात समारंभाचं कापड आधी ठरतं, समारंभ नंतर. कापड चीनमधून यायचं, वाटायचं, दीड हजार शिंप्यांच्या दीड हजार खोट्या तारखा सोसायच्या, म्हणजे मार्चमध्येच काय ते सांगायला हवं होतं. त्याने सांगितलं होतं. आकड्याशिवाय नुसता चेहरा म्हणजे निवडणूक वाटेल, असंही सांगितलं होतं. सगळे हसले होते.

चूक कुठे झाली ते त्याला लिफ्टमधून बाहेर पडून एन्केचीच्या खोलीपर्यंत जाताना स्वच्छ दिसलं. अशा गोष्टी उपयोग संपल्यावर स्वच्छच दिसतात. या शहरात फार वर्षं डॉलरचे दोन दर होते. एक सरकारी, तो लिहायचा. दुसरा रस्त्यावरचा, तो जगायचा. मोटारीचे टायर, सासूचं ऑपरेशन, मुलीची कॅनडातली फी, सगळं दुसऱ्याने. कागदावर, भाषणात आणि चर्चमध्ये पहिला. फोलारिन आयुष्यभर कंपनीच्या वतीने कागदावर लिहीत आला होता. सरकारी दर त्याला शुद्धलेखनासारखा वाटे, बोलताना कोणी पाळत नाही पण लिहिताना चुकवायचा नसतो. मार्चमध्ये त्याने उलाढालीचा नायरातला, म्हणजे इथल्या चलनातला, आकडा घेतला. तो दुपटीच्या जवळ गेला होता, कारण साखर महागली होती, पीठ महागलं होतं, हसणं सोडून सगळंच महागलं होतं. त्या आकड्याला त्याने हाताला बसलेल्या जुन्या, स्वस्त डॉलरच्या दराने भागलं आणि गेल्या यादीशी ताडून एकोणीस काढलं. सरकारने तोवर आपला दर मोकळा सोडला होता, आणि तो घरंगळत रस्त्यावरच्या दराशेजारी जाऊन बसला होता. हे फोलारिनला माहीत नव्हतं असं नाही. त्याच दराने फी भरताना तो बँकेत घामाघूम झाला होता. पण फी ही जगण्यातली गोष्ट आणि यादी ही लिहिण्यातली. या दोन्ही गोष्टी डोक्याच्या दोन वेगळ्या खोल्यांत राहतात, आणि मधलं दार या शहरातल्या प्रत्येक शहाण्या माणसाने विटा लावून बंद केलेलं असतं.

“दार लाव,” एन्केची म्हणाली. ती डब्यातलं शंकरपाळ्यांसारखं चिनचिन खात होती, एकेक तुकडा, औषधासारखा. “आणि माझ्याकडे असा बघू नकोस. यादी मी केलेली नाही.”

“दुसऱ्यांदा पाहिलंस?”

“पाहिलं. दुसऱ्यांदाही चव्वेचाळीसच.”

“छापण्यात चूक असेल.”

“दादा, आपल्याखाली पंचेचाळिसावा आहे, सेहेचाळिसावा आहे. छापण्यातल्या चुकीखाली कोणी रांग लावत नाही.”

“तू मार्चमध्ये का बोलली नाहीस?”

“तू विचारलंस? मला तू कापडाचा रंग विचारलास. मी निळा म्हटलं. निळा चुकला का?”

तो बसला. खुर्ची नेहमीपेक्षा खाली गेल्यासारखी वाटली. एन्केचीने डबा त्याच्यापुढे सरकवला आणि आवाज उतरवला. “सोमवारी सांग. उद्याचा दिवस जाऊ दे, रविवार देवाचा. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी म्हाताऱ्याच्या घरी अशी बातमी कोण नेतो?”

“उद्या सकाळच्या पेपरात येईल.”

“मग पेपर सांगेल. पेपरला कंपनीच्या घरात राहायचं नाहीये.”

“आणि ते पेपर खाली ठेवून विचारतील, फोलारिनला हे कधी कळलं?”

यावर तिने तुकडा तोंडात टाकला नाही. “मग आजच जा,” ती म्हणाली. “पण जेवून जा. रिकाम्या पोटी तू गरजेपेक्षा जास्त खरं बोलतोस.”

तो जेवला नाही. जेवायच्या वेळी तो स्वच्छतागृहात उभा राहून हात धूत होता, आणि त्याला बँकोले आठवत होता. त्याच्या आधी या पदावर बँकोले होता. तो कुणाला वाईट बोलला नाही, त्याने पैसे खाल्ले नाहीत. एका आभारप्रार्थनेच्या वेळी, चेअरमन डोळे मिटून उभे असताना, त्याने त्यांच्या कानात सांगितलं की टीव्हीवाले येत नाहीयेत. एवढंच. त्याला कोणी काढलं नाही. इलेरी समूहात कोणालाच काढत नाहीत. तसा शब्दच नाही. बँकोलेच्या मोटारीच्या जागेवरचं नाव रंगवून टाकलं. मग दारावरचं यंत्र त्याचं बोट ओळखेना. मग उपाहारगृहातल्या बाईने, जिने त्याला अकरा वर्षं जास्तीचं तळलेलं केळं वाढलं होतं, त्याला विचारलं, “आपण कोणाकडे आलात?” तरी तो येत राहिला. इस्त्रीचा सूट घालून खाली पाहुण्यांच्या सोफ्यावर बसायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला सुप्रभात म्हणायचा, आणि माणसं त्याच्या सुप्रभातातून, काचेतून जावं तशी पार निघून जायची. एके दिवशी त्या सोफ्याला नवं कापड घातलं. त्यानंतर बँकोले दिसला नाही. फोलारिनला नेहमी वाटायचं की तो गेलेला नाही, कापडाच्या खाली आहे. त्या सोफ्यावर तो स्वतः कधी बसला नव्हता.

चार वाजता ड्रायव्हर संडेने गाडी काढली. व्हिक्टोरिया आयलंडहून इकोयी म्हणजे एक पूल, पण शुक्रवारी पूल हा रस्ता नसून एक स्थिती असते. गाडी ओबालेंडेच्या बाजूने वळवावी लागली, आणि तिथे शिंप्यांची रांग लागली. शेवटच्या दिवसाची घाई होती. प्रत्येक टपरीच्या आकड्याला निळे अंगरखे लटकत होते, बिनडोक्याचे, बिनहाताचे, आणि प्रत्येकावर चेअरमन होते, कुठे छातीवर, कुठे काखेत, कुठे शिवणीत अर्धे कापलेले, एकच डोळा उरलेले. वाऱ्याने अंगरखे फिरत आणि चेहरे गाडीकडे वळत. फोलारिनने काच वर केली. ती वरच होती.

“माझ्या शिंप्याने काय केलंय साहेब,” संडे म्हणाला, “चेअरमनना बरोबर पोटावर आणलंय. जेवलो की हसतात.”

“बायकोचं शिवून झालं?”

“तिचं नका विचारू. ती बसली की त्यांचं सगळं आटपलं.” तो स्वतःच खूप हसला, मग आरशातून फोलारिनकडे पाहून थोडं कमी हसला. “एक सांगा साहेब. ते एकोणीस कशाचं?”

“आफ्रिकेत आपली कंपनी एकोणिसावी.”

“अख्ख्या आफ्रिकेत?”

“अख्ख्या.”

संडेने शिट्टी मारली. “मग आमचा पगार कितवा आला, ते कुठे छापतात?”

एरवी फोलारिनने हे रात्री जेवताना बायकोला सांगितलं असतं. आता त्याला वडील दिसत होते. अबेओकुटाच्या घरी, व्हरांड्यात, गुणपत्रक डोळ्यांपासून लांब धरून. त्यात विषय असत, गुण असत, पण वडील थेट तळाशी जात, जिथे शाईने लिहिलेलं असे: वर्गातला क्रमांक. सातवा. वडील ओरडत नसत. ते गुणपत्रकाची घडी घालत आणि विचारत, “पहिला आला त्याला काय दोन डोकी आहेत?” हे प्रत्येक घरात विचारत. पण फोलारिन असा मुलगा होता की तो दुसऱ्या दिवशी वर्गात पहिल्या आलेल्या मुलाच्या मागच्या बाकावर बसला आणि त्याच्या मानेकडे टक लावून बघत राहिला, की दुसरं कुठून फुटतं. मानेवर एक तीळ होता. त्याला खात्री पटली की हेच ते, अजून लहान आहे, वाढतंय. त्या वर्षी त्याला स्वप्नं पडायची. एक डोकं धडा वाचायचं, आणि तीळ पापणी उघडून त्याच्याकडे बघायचा. पन्नाशी उलटली, तरी ती यादी हातात आली की वरची नावं वाचताना त्याच्या मानेमागे तेच व्हायचं. अल्जीरियाच्या तेलाला किती डोकी असतील? वरून खाली सगळे असे पाठमोरे बसलेले, आणि आपण सर्वांत मागे, मानांकडे बघत. आता तर बाकच बदलला होता. चोवीसच्या बाकावरून उठवून चव्वेचाळीसवर. तिथून फळाही दिसत नसेल. गाडी सुरू झाली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण स्वतःच्या मानेवरून बोटं फिरवतोय.

बंगल्याच्या आवारात मांडव उभा राहत होता. भिंतीला गाई बांधल्या होत्या, उद्याच्या. चुलींवर माणूस मावेल अशी पातेली पालथी घातली होती. चेअरमन मागच्या व्हरांड्यात होते, गळ्याभोवती पांढरं कापड, आणि न्हावी त्यांच्या कानांतले केस कापत होता. नमस्कारासाठी, रिवाजाप्रमाणे, फोलारिनने छाती जमिनीला लावली. एरवी ‘ऊठ’ लगेच यायचं, अंग अर्ध्यात असतानाच. समोरच्याचा सूट खराब होऊ नये एवढी कदर ते करत. आज आलं नाही. गाल फरशीला टेकला. फरशी ओली होती, कुणीतरी नुकतीच पुसली होती, फिनेलचा वास येत होता. त्याला वाटलं, हे बरंय. सांगायचं ते जमिनीलाच सांगावं.

“बोल,” वरून आवाज आला.

“बाबा, यादी आली.”

“हं.”

“आपण चव्वेचाळीस आलो.”

कात्री थांबली नाही. तिचा बारीक आवाज चालूच राहिला, कानाच्या अगदी जवळ, जणू त्याच्याच कानात. मग चेअरमन म्हणाले, “मला काल दुपारीच कळलं. जोहान्सबर्गला माझाही एक माणूस आहे. सकाळपासून इथे सहा जण येऊन गेले. सगळ्यांनी अभिनंदन केलं. एकाने बोकड आणला. तू चव्वेचाळीस आणलेस.” त्यांनी गळ्याभोवतीच्या कापडावरचे केस झटकले. “ऊठ.”

तो उठला. शर्टावर फिनेलचा डाग पडला होता. म्हातारा त्याच्याकडे बघत नव्हता, न्हाव्याच्या आरशात बघत होता.

“नायरात आपण याआधी कधी एवढे मोठे होतो?”

“कधीच नाही, बाबा.”

“मग लहान कसे झालो?”

“डॉलरमुळे.”

“मी डॉलर खातो? माझ्या पिठाचा पाव करतो तो बेकर डॉलर मळतो?”

“यादी डॉलरमध्ये असते, बाबा.”

“आणि तुझं एकोणीस कशात होतं?”

“तेही डॉलरमध्येच.”

“कुठल्या?”

फोलारिनला कळलं की म्हाताऱ्याला सगळं माहीत आहे, बहुधा मार्चपासून. मार्चमध्ये सगळे हसले तेव्हा एकटे चेअरमन हसले नव्हते, हे त्याला आत्ता आठवलं. “जुन्या,” तो म्हणाला.

“उद्या माईकवर कोण?”

“मी, बाबा.”

“एकोणीस म्हण.”

“लोकांनी पेपर वाचलेला असेल.”

“असू दे. म्हणून तर म्हणायचं. नाही म्हटलास तर दीड हजार माणसं दिवसभर आपापल्या पोटाकडे बघत बसतील. म्हटलास की टाळ्या वाजवतील, सुटतील.” त्यांनी डोकं दुसऱ्या बाजूला वळवलं, न्हावी दुसऱ्या कानाकडे गेला. “सोमवारी कोणी विचारलंच, तर मी कुठलाही आकडा बोललेलो नाही. मी म्हातारा माणूस. मला सत्तर तेवढं माहीत. एकोणीस मार्चमध्येही तूच म्हणालास आणि उद्याही तूच.” न्हावी हसला. चेअरमनही हसले, आणि पहिल्यांदाच थेट त्याच्याकडे पाहून म्हणाले, “जेवून जा, पोरा. चेहरा उतरलाय.”

घरी मागोदोत, कंपनीच्या घरात, त्याची बायको मोरेनिके आरशासमोर उभी राहून निळं कापड डोक्याला बांधून बघत होती. ताठ कापडाचं ते एक जहाजच होतं, आणि जहाजाच्या नाकावर चेअरमन. “सरळ आहे का?” तिने विचारलं. “सरळ आहे,” तो म्हणाला. “तोंड असं का?” “पोट.” “भाषण पाठ झालं?” तो न्हाणीघरात गेला, नळ सोडला आणि पाठ करू लागला. एकोणीस. आपण एकोणीस. आफ्रिकेत एकोणिसावे. त्याला फक्त एकच भीती उरली होती, बाकीच्या सगळ्या भीती तिच्यात येऊन राहिल्या होत्या: चुकून दुसरा आकडा तोंडातून गेला तर? घर, गाडी, टोरंटोत शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी, बोट ओळखणारं यंत्र, सगळं आता जिभेच्या टोकावर उभं होतं. एकोणीस म्हटलं तर सोमवारी माती, पण सोमवार दूर होता. दुसरा आकडा म्हटला तर तिथल्या तिथे, दीड हजार लोकांसमोर. एकोणीस, एकोणीस. म्हणता म्हणता शब्दाचा अर्थ गळून गेला, नुसता आवाज उरला, आणि पुढच्या फेरीत तो आवाजही परका झाला, जणू दुसऱ्या गावच्या भाषेतलं एखादं भाजीचं नाव. दुसरा आकडा मात्र एकदाही उच्चारला नव्हता, आणि तो तसाच्या तसा, टवटवीत, टाळूला चिकटून बसला होता.

शनिवारी मांडवात निळ्याशिवाय रंग नव्हता. त्याने इतके चेहरे एका जागी कधी पाहिले नव्हते आणि ते सगळे एकच होते. गुडघ्यांवर, खांद्यांवर, बायकांच्या मांड्यांवर, एका बाळाच्या लंगोटावर. खरे चेअरमन मध्यभागी, पांढऱ्या, पायघोळ अगबाड्यात. त्यांच्या अंगावर तेवढा आकडा नव्हता. कित्येकांच्या खुर्चीखाली घडी घातलेला पेपर होता. एन्केची तिसऱ्या रांगेत होती आणि जोलोफ भात अगदी लक्ष देऊन खात होती. ढोलकरी चेअरमनच्या आज्याचं, पणज्याचं नाव ढोलावर घेत होते. मग ढोल थांबले आणि माईक फोलारिनच्या हातात आला. तो गरम होता, आधीच्या माणसाच्या हाताने. त्याने समूहाचा इतिहास सांगितला. पहिली गिरणी, पहिला ट्रक. आवाज नीट येत होता. मग तो म्हणाला, “आणि या वर्षी, संपूर्ण आफ्रिकेत, आपण,” आणि त्याने तोंड उघडून एकोणीस शोधलं, आणि ते तिथे नव्हतं. एवढं वापरलेलं ते, झिजून गेलं होतं. धैर्य वगैरे काही नव्हतं. धैर्य असतं तर तो खोटं नीट बोलला असता. दीड हजार पोटांवरचे दीड हजार एकोणीस समोर होते आणि त्यातला एकही त्याला वाचता येईना. भीतीने जीभ जे सापडलं ते घेऊन बाहेर आली. “चव्वेचाळिसावे,” तो म्हणाला, स्पष्ट, माईकवर, कर्ण्यांतून, फाटकापर्यंत.

टाळ्या पडल्या. त्याच क्षणी, मध्ये श्वासाइतकंही अंतर न सोडता, माणसं उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली. ढोल सुरू झाले. मोरेनिके डोक्यावरचं जहाज सांभाळत आनंदाने उभी होती. संडे मागून शिट्ट्या मारत होता. फोलारिनने एकेक चेहरा पाहिला, एखादी भुवई उचललेली असेल, एखादा हात हवेत अडकलेला असेल म्हणून. एन्केचीसुद्धा चमचा ठेवून टाळ्या वाजवत होती, त्याच्याकडे बघून मान डोलावत होती, छान झालं अशी. कोणीच ऐकलं नव्हतं. किंवा सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि टाळ्यांना त्याचं काही नव्हतं. त्याला वाटलं आपण पुन्हा एकदा म्हणावं, हळू, एखाद्या एका माणसाला; पण माईक कोणीतरी काढून घेतला होता.

चेअरमननी बोटाने बोलावलं. तो गेला आणि त्याने छाती जमिनीला लावली. गवतावर अंथरलेल्या सतरंजीखाली दगड होते, ते बरगड्यांत घुसले. म्हातारा खुर्चीतून पुढे वाकला. अत्तराचा वास आला, आणि कानाशी, ढोलांच्या खालून, आवाज आला, अगदी मायेने विचारपूस करावी तसा.

“मी ऐकलं.”

मग एक हात त्याच्या मानेवर येऊन बसला. त्यात वजन नव्हतं, दाब नव्हता. वरून टाळ्या अजून येत होत्या. तो पुढचा शब्द यायची वाट पाहत तसाच पडून राहिला, आणि हात तिथेच होता.